गाडी नसलेल्या काकांचा कोड रीडर

आमच्या शेजारच्या रंगारी काकांकडे गाडी नाही. गाडी चालवताही येत नाही त्यांना. साकोलीच्या बाजारात जायचं तर सायकल आणि लांब जायचं तर एसटी, एवढीच त्यांची वाहनं. असं असताना मागच्या वर्षी या माणसाने मोटारीचे आजार ओळखणारी यंत्रं एकामागून एक घरी मागवली, त्यातली बरीचशी परत पाठवली, आणि त्या भानगडीत आमच्या गल्लीला असे काही धक्के दिले की अजूनही कोणी बॉनेट उघडलं तरी मी दोन पावलं मागे सरते.

पहिला धक्का मला बसला. रविवारची सकाळ होती. मी तुळशीला पाणी घालायला अंगणात आले, तर आमच्या गाडीचा ड्रायव्हरकडचा दरवाजा सताड उघडा आणि त्यातून दोन पाय बाहेर आलेले. एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी. बाकीचा माणूस आत, स्टिअरिंगच्या खाली कुठेतरी. कोणीतरी चक्कर येऊन पडलंय असं वाटून मी किंचाळलेच. आतून शांत आवाज आला.

"घाबरू नका जी मॅडम. भोक सापडून नाही राहिलं."

"कोणतं भोक?"

"असते म्हणते इथंच. स्टिअरिंगच्या पोटाखाली."

हे रंगारी काका. आमच्या ह्यांनी दात घासता घासता त्यांना गाडीची किल्ली देऊन टाकली होती आणि मला सांगायचं विसरून गेले होते. थोड्या वेळाने काका उलटे सरपटत बाहेर आले. त्यांच्या हातात काडेपेटीएवढं निळं यंत्र होतं. हल्लीच्या गाड्यांमध्ये इंजिनावर लक्ष ठेवणारा एक छोटा कॉम्प्युटर असतो, काही बिघडलं की तो एक कोड लिहून ठेवतो, आणि हे यंत्र स्टिअरिंगखालच्या खाचेत बसवलं की तो कोड वाचता येतो, असं त्यांनी मला अंगणात उभ्या उभ्या समजावून सांगितलं. मग माझ्याकडे रोखून पाहिलं.

"तुमच्या गाडीत जुना कोड पडून आहे. कधीपासून फिरवून राहिल्या अशी?"

क्षयाच्या रोग्याला विचारावं त्या सुरात विचारलं. मी एकोडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते आणि रोज त्याच गाडीने जाते-येते. दुसऱ्या दिवशी दिवसभर वर्गात फळ्यावर लिहिताना मला आपल्या गाडीच्या पोटात काहीतरी पडून आहे असं वाटत राहिलं.

काकांचा हा सूर उगीच नव्हता. त्यांचं सगळं आयुष्य आरोग्य केंद्राच्या लॅबमध्ये गेलं. लोकांच्या बोटाला सुई टोचायची, काचेवर रक्ताचा थेंब पसरवायचा आणि त्यात मलेरियाचे जंतू शोधायचे. जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा त्यांचं केंद्र तिकडे गेलं आणि घर इकडे राहिलं, म्हणून बदली मागून ते भंडाऱ्याच्या बाजूला आले आणि साकोलीतच निवृत्त झाले. निवृत्त झाले ते फक्त कागदावर. अजूनही कोणाशी हात मिळवला की काकांचा अंगठा आपोआप समोरच्याच्या करंगळीशेजारच्या बोटाकडे सरकतो आणि टोक चाचपून पाहतो. गल्लीतली पोरं त्यांना लांबून नमस्कार करतात, ते उगीच नाही.

त्यांचं ठरलेलं वाक्य एकच. "लक्षणावर मी जात नाही. रिपोर्ट काय म्हणते?" काकू म्हणाल्या, भाजीत मीठ कमी झालं, तर काका म्हणणार, "हे लक्षण झालं. अजून दोघाले चाखवा." कोणी म्हणालं, अमक्याचा जावई चांगला आहे, तर काकांचा प्रश्न तयार, "कोणं तपासला?" एकदा आमच्याकडे सत्यनारायणाच्या प्रसादाचं आमंत्रण द्यायला आलेल्या बाईंना, "तुमचा चेहरा पांढरा दिसते, हिमोग्लोबिन करून घेजा," असं सांगून त्यांनी दारातूनच परत पाठवलं. बाई घाबरून खरंच दवाखान्यात गेल्या. हिमोग्लोबिन कमी निघालं. त्या दिवसापासून काकांना कोणी नावं ठेवत नाही.

तर अशा माणसाने निवृत्तीनंतर मोटारीच्या मागे का लागावं, हे कोणालाच कळेना. काकूंना विचारलं तर त्या लसूण सोलत म्हणाल्या, "काय सांगू मॅडम, मले त वाटलं हा माणूस आता पेन्शन घेऊन गपचूप बसन. आता हा मशीन घेऊन उशाशी झोपते."

निळं यंत्र आठवडाभर आमच्या गाडीवर चाललं. ते स्वतः काही बोलत नसे. मोबाईलशी त्याची जोडणी करायची आणि मोबाईलवर सगळं वाचायचं, असा प्रकार होता. काका मला अंगणात बोलावत, यंत्र माझ्या हातात देत आणि स्वतः दोन पावलं मागे सरकून हाताची घडी घालून उभे राहत.

"तुम्ही करा. मी हात लावणार नाही. मी सांगणारही नाही."

"काका, तुम्हाला येतं ना? मग माझ्याकडून कशाला?"

"तुम्ही करा."

मी वाकून खाच शोधायची, यंत्र बसवायची, किल्ली अर्धी फिरवायची, मोबाईल काढायची. कधी जोडणी व्हायची, कधी नाही. काका निरखून पाहत राहायचे. आणि मग एक दिवस त्यांनी जे विचारलं त्याने मी हबकलेच.

"मॅडम, समजा तुम्ही एकट्या आहात. दिवस बुडून राहिला. एका बाजूनं तलावाची पाळ, दुसऱ्या बाजूनं जंगल. गाडी बंद पडली. मोबाईलले रेंज नाही. आता बोला."

"काय बोलू?"

"आता हे मशीन काय कामाचं?"

असं म्हणून त्यांनी माझ्या हातातून मोबाईल घेतला, त्याची सगळी जोडणी बंद केली आणि परत दिला. "आता वाचा कोड." मोबाईलवरचं ते ॲप उघडलं, थोडा वेळ गोल गोल फिरलं आणि इंटरनेट मागायला लागलं. काकांनी समाधानाने मान हलवली. मनातली शंका रिपोर्टात खरी निघाली की डॉक्टरांच्या चेहऱ्यावर दिसतं तसं समाधान. निळं यंत्र परत गेलं.

मी मात्र अस्वस्थ झाले. एकटी बाई, जंगल, अंधार, बंद गाडी. हा माणूस माझ्याबद्दल असले विचार का करतो? ह्यांना सांगितलं तर ते हसत सुटले. "अगं, तुझी काळजी वाटत असेल त्यांना." मला ती काळजी नको होती. दोन दिवस मी काकांचं दार चुकवून, पाण्याच्या टाकीकडून वळसा घालून शाळेत गेले.

दुसरं यंत्रही मोबाईलवालंच निघालं, फक्त जरा बऱ्या जातीचं. ते "रेंज नाही" या परीक्षेत एकदा पास झालं, पण मोबाईलची बॅटरी उतरलेली असेल तर काय, या परीक्षेत पडलं. त्यानंतर नागपूरच्या एका दुकानदाराने फोनवर काकांना मोठं यंत्र घ्यायचा आग्रह केला. ते इंजिन, ब्रेक, एअरबॅग सगळं तपासतं, गाडीच्या कुंडलीपर्यंत सांगतं. काका अंगणात फेऱ्या मारत, स्पीकर चालू ठेवून त्याच्याशी बोलत होते. आम्ही सगळे आपापल्या दारात उभे राहून ऐकत होतो.

"मले सोनोग्राफी नाही पाहिजे जी. एमआरआय नाही पाहिजे. ताप आहे का नाही, कायचा आहे, आणि आता घरापर्यंत जाता येते का नाही, एवढं सांगणारं द्या. घरच्यासाठी पाहिजे, गॅरेज टाकून नाही राहिलो मी."

"काका, गाडी कोणती आहे तुमची? मॉडेल सांगा, म्हणजे चालतं का ते पाहतो," दुकानदार म्हणाला.

काकांनी मॉडेल सांगितलं, साल सांगितलं, पेट्रोल की डिझेल तेही सांगितलं. आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. आमच्या गल्लीत ती गाडी कोणाकडेच नव्हती. काकू गुपचूप घरात निघून गेल्या.

पण खरा हाहाकार झाला तो समोरच्या कापगते भाऊंच्या मुलीच्या लग्नात.

त्या दिवशी काकांच्या पिशवीत नवं यंत्र होतं. हे वेगळं होतं. याला स्वतःचाच छोटा पडदा, एक लांब वायर, आणि गाडीतूनच वीज घेणारं. मोबाईल नको, रेंज नको, बॅटरी नको. आमच्या गाडीवर ते छान चाललं, पण एका गाडीवरचा रिपोर्ट काका मानणार कसे? कार्यालयाच्या दारात नवरदेवाची गाडी उभी होती, झेंडूच्या माळांनी मढवलेली. ड्रायव्हर चहा पीत होता. काकांनी त्याला गोड बोलून दार उघडायला लावलं.

आत मंडपात जेवणं चालली होती. डीजेचा आवाज एवढा की शेजारच्याला "मठ्ठा" म्हणायचं तरी ओरडावं लागे. काका बाहेरून तरातरा आले आणि पंगतीत बसलेल्या आमच्या ह्यांना दुरूनच ओरडून सांगू लागले. आणि नेमका त्याच क्षणी डीजे बंद झाला.

"वरून फुलं लावले, अंदरून दोष आहे! मशीनवर आलं! तिसरा ठोकाच नाही मारून राहिला! पोट्टीले याच्या भरवशावर पाठवू नका, रस्त्यात बंद पडन!"

मंडपात एवढी शांतता पसरली की वाढप्याच्या हातातल्या बादलीत पळी पडल्याचं ऐकू आलं. नवरीच्या मावशीच्या हातातली जिलबी खाली पडली. मावशीने पदर तोंडाला लावला आणि "अगे माय, नवरदेव तपासून आणला यानं!" असा हंबरडा फोडला. नवरीचे मामा पत्रावळ ओलांडून थेट नवरदेवाच्या वडलांकडे गेले.

"आमच्यापासून लपवून ठेवलं?"

नवरदेवाचे वडील बिचारे पांढरेफटक पडले. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हात जोडून म्हणाले, "खरं सांगतो भाऊ. बारावीले एक डाव नापास झाला होता तो. लपवाचं मनात नव्हतं. दुसऱ्या खेपेले पास झाला."

आमचे हे धावत जाऊन गाडी-गाडी असं ओरडेपर्यंत दोन्हीकडच्या बायका रडायला लागल्या होत्या. नवरदेव व्यासपीठावर फेटा सांभाळत उभा होता, आणि आपल्या आत नेमकं काय बिघडलंय ते कळत नसल्यासारखा स्वतःच्याच पोटाकडे पाहत होता.

गाडीच्या इंजिनाचा तिसरा सिलिंडर चालत नाही एवढंच काकांना सांगायचं होतं, असा उलगडा झाल्यावर सगळे काकांवर तुटून पडले. कापगते भाऊ तर हमरीतुमरीवर आले. निरोपाच्या वेळी नवरा-नवरी त्या फुलांच्या गाडीत बसले, ती दोनदा गचके खात फाटकापर्यंत गेली आणि फाटकातच मेली. ढकलली तरी हलेना. शेवटी मामांच्या जीपमध्ये नवरीला बसवलं. सगळ्यांच्या माना काकांकडे वळल्या. मला वाटलं, आता हा माणूस छाती फुगवून रिपोर्ट रिपोर्ट करील. काका मात्र जीपच्या मागच्या चाकाकडे, मग नवरीकडे पाहत होते. मला हळूच विचारलं, "बसली ना पोट्टी चांगल्या गाडीत?" आणि न जेवताच सायकल काढून निघून गेले.

त्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी काका आमच्या दारात आले. हातात तेच वायरवालं यंत्र, नव्या खोक्यात, वर खाकी कागद नीट गुंडाळलेला. बसा म्हटलं तर बसले नाहीत.

"मॅडम, तुमच्या गाडीनं उद्या लाखांदूरले येता का? एक वस्तू द्याची आहे. पण माझ्या नावानं नाही. तुमच्या नावानं."

"कोणाला?"

"प्रज्ञाले. माझी पोरगी. तिले सांगजा, तुमच्यापाशी एक जास्तीचं होतं."

काकांना एक मुलगी आहे, लाखांदूरकडे सरकारी नोकरीत आहे, एवढं आम्हाला ऐकून माहीत होतं. आम्ही या गल्लीत राहायला आलो त्याच्या आधीच ती गेली होती. विचारलं की काका "बरी आहे" म्हणत आणि विषय मलेरियावर नेत. बापाने पोरीला वस्तू द्यायची आणि शेजारणीचं नाव सांगायचं, हे मला पटेना.

"काका, तुम्ही स्वतः का नाही देत?"

"घेणार नाही ते." एवढंच बोलून त्यांनी खोकं माझ्या हातात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी धान पिवळं झालं होतं, काही बांध्यांत कापणी सुरू झाली होती. साकोली मागे पडल्यावर काका माझ्याकडे न पाहता, समोरच्या काचेशी बोलावं तसे बोलू लागले.

प्रज्ञा लहानपणापासून हुशार. काकांच्या मनात होतं की ती डॉक्टर होणार आणि ते तिच्या दवाखान्यातली लॅब सांभाळणार. तिला जनावरांची आवड. ती पशुवैद्यकीयला गेली, शिकली, नोकरी लागली. गल्लीतल्या विहारात तिचा सत्कार ठेवला. कोणीतरी भाषणात म्हणालं, आपल्या समाजाची मुलगी डॉक्टर झाली. तेव्हा काका उठले आणि त्यांनी माईक हातात घेतला.

"मी म्हटलं, एक चूक दुरुस्त करतो. डॉक्टर नाही, ढोराची डॉक्टर. रिपोर्ट बरोबर असला पाहिजे. लोकं हासले. तेही हासली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं गेली ते गेलीच. फोन करते, आईशी बोलते. मले हो आणि नाही, एवढंच."

मी गाडी हळू केली. इतकी वर्षं आम्ही ज्या वाक्याला हसत होतो, त्याच वाक्याने एक घर असं मधोमध चिरलं होतं.

"खोटा रिपोर्ट नव्हता दिला मी," काका म्हणाले. लगेच पुढे म्हणाले, "पण मॅडम, रिपोर्ट सगळ्यांसमोर वाचाचा नसते. पेशंटच्या हातात द्याचा असते. आम्हाले पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. मी पोरीच्या टायमालेच विसरलो."

मग यंत्राची गोष्ट निघाली. प्रज्ञाने जुनी गाडी घेतली होती, खेड्यांमध्ये जनावरं तपासायला जायला. पावसाळ्यात एकदा दिवस बुडता बुडता ती गाडी तलावाच्या पाळीवर बंद पडली. रेंज नव्हती. ट्रॅक्टर येईपर्यंत ती एकटी बसून राहिली. हे सगळं तिने फोनवर आईला सांगितलं. काकू रोज फोन स्पीकरवर ठेवून बोलतात आणि काका बाजूला बसून ऐकतात. "बोलत नाही मी. ऐकतो. गॅरेजवाला एकदा एक सांगते, दुसऱ्यांदा दुसरं सांगते, पिवळा दिवा काही जात नाही, असं म्हणत होती. तपासल्याशिवाय औषध देऊन राहिले लेकाचे."

म्हणून तो तलाव, म्हणून ते जंगल, म्हणून ती एकटी बाई. मी ज्या काळजीला घाबरून पाण्याच्या टाकीवरून वळसा घालत होते, ती माझी नव्हतीच.

लाखांदूरला पोचल्यावर काका दवाखान्यापर्यंत यायला तयार होईनात. अलीकडच्या चहाच्या टपरीवर बाकड्यावर बसले. मी एकटीच आत गेले.

सुट्टीचा दिवस असूनही आवारात एक म्हातारा शेतकरी आपली म्हैस घेऊन आला होता. म्हैस खंगलेली, पाय फाकून उभी. एक उंच, सावळी मुलगी तिच्या कानाजवळ वाकून रक्त काढत होती. नाकाची ठेवण थेट काकांची. मी ओळख सांगितली, खोकं पुढे केलं आणि रस्ताभर पाठ केलेलं खोटं बोलले, "माझ्याकडे हे एक जास्तीचं होतं..."

प्रज्ञाने खोक्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हसू दाबलं.

"शेवटी वायरवालं ठरलं का? निळं परत गेलं ते माहीत आहे मला."

मी दचकले. "तुम्हाला कसं माहीत?"

"बाबा बाहेर गेले की आई पुन्हा फोन लावून सगळं सांगते ना मॅडम. तुमच्या गाडीतून बाबांचे पाय दिसले, तेही सांगितलं. लग्नातलं तर दोनदा सांगितलं."

काकू! लसूण सोलत, काही कळत नसल्याचा चेहरा करत, ती बाई दोन्हीकडच्या बातम्या दोन्हीकडे पोचवत होती. मला हसावं की काय करावं ते कळेना. मग मी खोकं उघडून यंत्र दाखवू लागले, खाच कुठे असते ते सांगू लागले, तर प्रज्ञा म्हणाली, "गाडी ठीक आहे मॅडम."

"आणि तो पिवळा दिवा?"

"तो केव्हाच गेला. उंदराने वायर कुरतडली होती. इथल्याच एकाने शोधून काढली, जोडून दिली. त्यानंतर एकदाही बंद पडली नाही."

"अहो, मग आईला सांगितलं का नाही? तिकडे ते दिवसरात्र..."

प्रज्ञा नळावर हात धुऊ लागली. बराच वेळ धुतले तिने. माझ्याशी आतापर्यंत शाळेतल्या मराठीत बोलणारी ती मुलगी पाठमोरीच, घरच्या बोलीत बोलली.

"सांगतलं असतं त बाबानं शोधणं बंद केलं असतं ना."

नळ टपटपत होता. म्हैसवाला म्हातारा मधेच म्हणाला, "डॉक्टरबाई, म्हैस बसून राहिली जी."

प्रज्ञा भानावर आली. तिने हात पुसले, रक्ताची छोटी नळी उचलली आणि खालच्या आवाजात मला विचारलं, "कुठे आहेत ते?"

"टपरीवर."

"आमचा लॅबवाला रजेवर आहे. त्यांना म्हणा, एक स्लाइड पाहायची आहे. बाकी काही म्हणू नका."

मी टपरीवर गेले. काकांच्या पुढ्यातल्या चहावर साय धरली होती. "घेतलं का तिनं?" त्यांनी विचारलं.

"घेतलं. आणि तुम्हाला स्लाइड पाहायला बोलावलं आहे."

"कोणाची?"

"म्हशीची."

मला भीती वाटली, आता या माणसाच्या तोंडून काहीतरी भलतंच निघणार. काका उठले. शर्टाची वरची गुंडी लावली. "रक्त ताजं आहे ना?" एवढंच म्हणाले आणि माझ्या पुढे चालू लागले, मला जवळजवळ पळावं लागलं.

आतल्या खोलीत बापलेकींनी एकमेकांकडे पाहिलं नाही. प्रज्ञाने स्टूल पुढे सरकवलं. काका बसले, चष्मा काढून खिशात ठेवला, सूक्ष्मदर्शकावर वाकले. त्यांची बोटं चकतीवर अशी फिरू लागली की जणू कालच कामावरून घरी गेले होते.

"स्लाइड कोणं बनवली?"

"मी."

"चांगली आहे."

आणि पुढच्याच क्षणी काका दचकून मागे सरकले, स्टूल करकरलं. "अरे बापा! हे त जिवंत आहे! पळून राहिलं ना हे!"

आयुष्यभर त्यांनी रंग देऊन मारलेले, काचेवर निपचित पडलेले जंतू पाहिले होते. इथे ताज्या थेंबात काहीतरी माशासारखं वळवळत, रक्तातल्या पेशींना धक्के देत धावत होतं. ते पुन्हा वाकले. खूप वेळ पाहत राहिले. मग डोळा न काढता, अगदी हळू आवाजात म्हणाले,

"डॉक्टर, काय होय जी हे?"

प्रज्ञाने टेबलाची कड धरली होती. मग ती त्यांच्या शेजारी वाकली.

"सर्रा म्हणतात बाबा. गोमाशीनं पसरते. ताप येते, उतरते, जनावर खंगत जाते."

"मरन का म्हैस?"

"नाही. इंजेक्शन आहे. वेळेवर सापडलं."

"मंग द्या ना लवकर," काका म्हणाले. "पण थांबा. अजून एक पाहून घेऊ. एका स्लाइडवर नाही जायचं."

तिने दुसरी काच पुढे केली. मी हळूच बाहेर आले. दाराबाहेर म्हातारा शेतकरी म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत बसला होता. त्याला सांगितलं, म्हैस वाचते. त्याने आत मान वळवून विचारलं, "दोन दोन डॉक्टर आहेत का जी इथं?" मी हो म्हटलं.

काका परत माझ्याबरोबर येणार नाहीत हे दिसतच होतं. मी गाडीत बसून काकूंना फोन लावला. म्हशीच्या आजाराचं, काचेचं, काका दचकल्याचं सगळं सांगितलं. आत अजून दोघं एकाच स्टुलाशी वाकून बोलत आहेत, हेही सांगितलं. एरवी मधे मधे प्रश्न विचारणाऱ्या काकूंनी शेवटी एकच विचारलं,

"दोघं जेवले का वो?"